रंजनाताईंचे अडुसष्ट किलो

सकाळी केंद्र उघडलं की रंजनाताई आधी चपला काढून वजनकाट्यावर उभ्या राहत. आकडा अडुसष्टच्या आसपास आला की खाली उतरून म्हणत, "काटा बरोबर हाय, मॅडम. पेशंट सोडते आत." स्वतःचं वजन बघायला त्या उभ्या राहत नसत. काटा तपासायला राहत.

हडपसरला माझं वजन कमी करण्याचं केंद्र आहे. रंजनाताई तिथं बाहेरच्या टेबलाशी बसून नावं लिहून घेत, फोन उचलत. त्या जवळच्याच मांजरी गावच्या. उसाच्या जागी इमारती आल्या, मुलगा नोकरीला लागला, आणि घरी बसवेना म्हणून त्या माझ्याकडे आल्या. उंचीनं बेताच्या, अंगानं भरलेल्या. धाकट्या दिराच्या लग्नात शिवलेलं पोलकं वीस वर्षांनीही त्यांना तसंच बसत होतं, आणि याचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं.

एक वाजता त्यांचा डबा उघडे. बाजरीची भाकरी, पालेभाजी, कधी झुणका. कधीकधी अर्धी भाकरी शिल्लक असतानाच त्या थांबत. एकदा मी विचारलं, "भाजी बिघडली का?"

"न्हाई की. झ्याक झालीय. पोट भरलं न्हवं का!"

दुसऱ्या दिवशी डबा संपवून वर माझ्या डब्यातली पोळी मागून घेत. "आज भूक जास्ती हाय." विषय तिथे संपे. जेवण झालं की पुढच्या भुकेपर्यंत त्यांच्या डोक्यात खाण्याचा विचारही नसे.

एक साठीच्या बाई नातवाच्या बारशाला दोन गुलाबजाम खाल्ले म्हणून बाहेर रडत बसल्या होत्या. रंजनाताई त्यांना म्हणाल्या, "खाल्लं तर खाल्लं. रडून काय ते बाहेर येतंय? सांजच्याला भूक लागंल तवा जेवा." मी आतून ऐकलं आणि बाई गेल्यावर रंजनाताईंना झापलं. "सल्ला द्यायला मी आहे ना इथं?" त्या दिवशी माझ्या केंद्रात दिला गेलेला तेवढाच शहाणा सल्ला होता. मला ते कळत नव्हतं, असंही नाही. उपाशी ठेवलेलं शरीर आणि मन पुढे कसं वागतं, हे मी पुस्तकांतून शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

मग एक दिवस शहरातून एक गृहस्थ चौकशीला आले. रंजनाताईंकडे एकवार बघून मला म्हणाले, "आपल्याकडे गुण यायला साधारण किती वर्षं लागतात? नाही, यांना पाहिलं म्हणून विचारलं." ते परत आले नाहीत. मला मात्र ते शब्द लागले, आणि दुसऱ्या दिवशी मी रंजनाताईंना आत बोलावलं.

"मला काय झालंय, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"झालं काही नाही. पण तुम्ही बाहेर बसता. लोक बघतात."

त्यांनी पदर सारखा केला. "तुम्ही शिकलेल्या. म्हणताय तर करते."

मी तक्ता लिहून दिला. दुपारी अर्धी भाकरी, रात्री नुसतं सूप. त्यांनी तो चार महिने अक्षरशः पाळला. काटा एकोणसाठवर आला. मी त्यांचे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो मोठे करून बाहेरच्या भिंतीवर लावले. लोक फोटो बघत, मग त्यांना बघत. मी खूश होते.

त्या मात्र आता मला विचारू लागल्या होत्या, "मॅडम, चार शेंगदाणे चालतील का?" भूक लागली की खाणारी ही बाई माझ्या परवानगीची वाट बघत होती. एका दुपारी मी फायली ठेवायच्या खोलीत गेले, तर त्या कपाटाआड उभ्या राहून बिस्किटं खात होत्या. एकामागून एक, न चावता. मला बघून थांबल्या. तोंड भरलेलं होतं.

मी म्हणाले, "बाहेर तुमचा फोटो आहे, रंजनाताई. निदान त्याची तरी लाज धरा."

हे वाक्य मी उच्चारलं. शांतपणे, आवाज न चढवता.

वर्षाच्या आत त्या शहात्तरच्या पुढे गेल्या. मग काट्यावर उभं राहणं त्यांनी सोडलं. एका सकाळी त्या यायच्या आधी मी फोटो उतरवले. आल्यावर त्यांनी भिंतीतल्या दोन खिळ्यांकडे पाहिलं आणि फोन घ्यायला बसल्या. महिनाअखेरीस केंद्राच्या किल्ल्या त्यांच्या सुनेच्या हाती परत आल्या. रंजनाताई आल्या नाहीत.

सहा महिन्यांनी मी मांजरीला गेले. सुनेनं "या ना" म्हणून थेट स्वयंपाकघरात नेलं. रंजनाताई जेवत होत्या. मला बघताच त्यांनी ताट पाठीमागे सरकवलं आणि पदरानं तोंड पुसलं. "माझं झालंय," म्हणाल्या. ताटात भात तसाच होता.

मी खाली बसले. "तुमचं काहीच बिघडलेलं नव्हतं, रंजनाताई. मी बिघडवलं."

त्यांनी ऐकून घेतलं. मग फरशीकडे बघत म्हणाल्या, "भूक कवा लागती अन् कवा भागती, आता कळतच न्हाई, मॅडम. आधी कळायचं."

"जेवा तुम्ही. मी बसते जरा."

"न्हाई. तुम्ही निघा आधी. मग जेवते."

मी उठले. दारात चपला घालताना मागे वळून बघायचं नाही, एवढं तरी मी पाळलं.