ताब्यात देऊन या

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. सासर साताऱ्याचं, नोकरी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला एका तालुक्याच्या गावी, हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दहावीतल्या एका मुलीनं जीव दिला. शाळा उघडल्यावर हेडमास्तरांनी आम्हा सगळ्यांना बोलावून बजावलं, वर्गात विषय काढायचा नाही, पोरं विसरून जातील. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. तिचं बाक उचलून व्हरांड्यात ठेवलं आणि आम्ही धडा पुढे चालू केला.

त्याच बाकावर तिच्या जोडीला बसणारी मुलगी वसतिगृहात राहायची. तिचे आईवडील मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघायचे, ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. त्यांच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. एका दुपारी मी वह्या तपासत होते, तर ही टेबलाशी येऊन उभी राहिली आणि पेन मागावं इतक्या सहज म्हणाली, "बाई, मला बी तिच्याकडं जावंसं वाटतंय." मी तिला जवळ बसवून घेतलं.

हेडमास्तरांना सांगितलं. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "दुसरं प्रकरण झालं तर आपण संपलो, बाई. तिला पालकांच्या ताब्यात देऊन या."

"पालक रानोमाळ हिंडतायत, सर. आणि इथं कुणी तिच्याशी बोलायला नको का?"

"कोण बोलणार? तुम्हाला येतं?"

बी.एड.ला आम्हाला फळ्यावर सरळ रेषेत लिहायला शिकवलं होतं, हे नाही. आजूबाजूला कुणाला येत असेल असंही वाटेना. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी टॉनिक लिहून दिलं आणि म्हणाले, वयच असतं हे.

शेवटी लोणंदच्या बाजाराचा दिवस धरून आम्ही दोघी एस.टी.नं निघालो. तिथल्या बाजारात मेंढपाळांना विचारलं की कुणाचा तळ कुठं पडलाय ते कळतं, असं तिनंच सांगितलं. पिशवीत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त घेतली होती तिनं. वाटेत मी नको नको ते बडबडले, सिनेमाचं, परीक्षेचं, माझ्या सासूचं. ती खिडकीबाहेर बघत होती. फलटणच्या अलीकडे एकदाच बोलली. "सुट्टी संपल्यावर ती मला भूमिती शिकवणार हुती." मी म्हटलं, मी शिकवते. तशी ती हसली, कारण माझी भूमिती साऱ्या शाळेला ठाऊक होती.

बाजारात पत्ता लागला. नांगरलेल्या एका रानात त्यांचा तळ होता. बाप मेंढरांमागं गेलेला, आई तीन दगडांच्या चुलीपाशी भाकरी थापत होती. लेकीला बघून तिचा चेहरा असा उजळला, की मला तिथूनच मागं फिरावंसं वाटलं. "आगं बया! सुट्टी हाय व्हय?"

मी तिच्या आईला बाजूला घेतलं आणि आवाज खाली करून सगळं सांगितलं. हातातलं पीठ वाळेपर्यंत ती नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आवं बाई, म्हनून तर तुमच्यात ठेवली हुती. हितं आमचंच आज हितं तर उद्या तितं. ना दार, ना डॉक्टर. तुमच्यात चार शिकली-सवरली मान्सं हायती. तुमीच न्या तिला माघारी."

"मावशी, शाळा ठेवून घ्यायला तयार नाही."

"मग मी काय करू? मला काय कळतंय ह्यातलं?"

"मला तरी कुठं कळतंय!" मी ओरडलेच. खरंच ओरडले. ती पण आवाज चढवून बोलायला लागली, तुमी न्या म्हणून, आणि मी तुम्ही ठेवा म्हणून. काय अवदसा आठवली होती आम्हा दोघींना! दोघींचाही जीव तिच्यात अडकलेला, आणि दोघी तिला एकमेकींकडे ढकलत होतो.

लेक चुलीपाशी बसून ऐकत होती. जळती भाकरी तिनं उलटली आणि शांतपणे म्हणाली, "भांडू नगासा. मी ऱ्हाते हितंच."

आईनं धावत जाऊन तिचं मनगट धरलं. मी निघाले तेव्हा लेकीला तसंच धरून रस्त्यापर्यंत घालवायला आली. मी सांगितलं, एकटीला सोडू नका, तिला मैत्रिणीबद्दल बोलू द्या. मला सुचत होतं ते एवढंच. एस.टी. आली तेव्हा आईनं विचारलं, "बाई, असं किती दिस धरून ठिवायचं?" जसं काही मी औषध देऊन चालले होते आणि किती दिवस घ्यायचं ते सांगायचं विसरले होते. मी म्हटलं, "बरं वाटेपर्यंत." दुसरं काय सांगणार?

शाळेत परतल्यावर हेडमास्तरांनी विचारलं, "दिली?" मी म्हटलं, "दिली." त्यांनी सुटकेचा श्वास टाकून चहा मागवला. मार्चमध्ये दहावीचे पेपर झाले, ती आली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी मुद्दाम लोणंदच्या बाजाराला गेले. त्यांच्याच भावकीतला एक म्हातारा भेटला. मी विचारलं, पोरगी आहे का.

"हाय की! चांगली हाय. पर तिची आय लय येडी झालीया. तिला घटकाभर बी सोडत न्हाई. पान्याला गेली तरी मनगट धरून. कुन्या बाईनं सांगितलंय म्हनं."

मला भर बाजारात रडू कोसळलं. आता तिचा हात सोडलात तरी चालेल, एवढा निरोप त्याच्याबरोबर धाडावा असं फार वाटलं. म्हातारा थांबलाही होता. पण तो निरोप मी कशाच्या भरवशावर देणार होते?