उभं ठेवलेलं मशीन

रेवा, निहार, आबा गेल्याला आज पाच आठवडे झाले. "शांतपणे गेले," असं तुमच्या बाबांनी तुम्हाला फोनवर सांगितलं. मीच, तुमच्या आजीनेच, तसं सांगायला लावलं होतं. ते खरं नाही. शेवटचे नऊ दिवस आबा मुलुंडच्या आपल्या घरात तुमचा आवाज मागत होते आणि माझ्यामुळे तो त्यांना मिळाला नाही. समोरासमोर मला हे कधीच बोलता येणार नाही, म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीत, चार परक्या माणसांदेखत लिहिते आहे.

आबांचं डिस्क वाजवायचं मशीन तुम्हाला आठवत असेल. निवृत्त झाल्यावर परदेशातून मागवलेलं, पाट्यासारखं जड. गाणारा खोलीतच बसला आहे असं वाटावं इतका स्वच्छ आवाज, आणि नखरेही तेवढेच. एवढं महागाचं यंत्र, पण त्याचा ट्रे आतबाहेर व्हायचा तो बांगडीपेक्षा लहान रबरी पट्ट्याने. पावसाळा संपता संपता तो सैल पडायचा आणि ट्रे अर्ध्यावर अडकायचा. कंपनीने ते मॉडेलच बंद केलेलं, सुटे भाग मिळेनात. मग आबा पट्टा काढून उकळत्या पाण्यात टाकत, म्हणजे तो थोडा आकसे. तेही माझ्या चहाच्या पातेल्यात! "अहो, चहाला रबराचा वास येतोय." "मग वेलची टाक ना जरा, कंजूस कुठली." मला त्यांनी एकच नियम घालून दिला होता. "तुझी ताटं उभी राहतात तसं याला उभं करायचं नाही हं, बाईसाहेब. आत डिस्क असली तर पकडीतून सुटते, मग सगळंच संपलं."

ते हॉस्पिटलात असताना घरी भाड्याचा पलंग यायचा होता. कॉन्व्हेंटात शिकलेली मी, प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते मला. पलंग मावेना, तेव्हा तो घेऊन आलेल्या माणसांना मीच म्हटलं, "ते मशीन कपाटाशेजारी उभं करून ठेवा." नियम मला आठवत होता. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हटलं... आत डिस्क आहे का, एवढंही पाहिलं नाही.

आत तुमच्या आवाजाची डिस्क होती. तुम्ही लहानपणी सुट्टीला आला होतात तेव्हाची. निहार सतराच्या पाढ्यात अडखळतो, रेवा त्याला टोकते आणि आबा म्हणतात, "पुन्हा पहिल्यापासून." एवढीच एक प्रत, मूळ रेकॉर्डिंग जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेलं.

घरी आले त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "अगं, पोरांचे पाढे लाव ना." मी मशीन आडवं करून घेतलं, बटण दाबलं. आतून नुसती खरखर. पुन्हा दाबलं. दहा वेळा, बारा वेळा दाबलं.

"काय गं, काय झालं?"

"चालत नाहीये हो."

"पट्टा सैल झाला असेल. उकळ."

मी स्वयंपाकघरात गेले, पातेल्यात नुसतं पाणी उकळलं, थोडा वेळ ओट्याशी उभी राहिले आणि बाहेर येऊन म्हटलं, "उकळला. तरी नाही चालत."

रोज विचारायचे. "पोरांना फोन लावू का?" म्हटलं तर मान हलवायचे. "नको. माझा हा आवाज ऐकून घाबरतील. मला ती पाढे म्हणणारीच हवीत." आठव्या दिवशी बराच वेळ मशीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझंच चुकलं गं. एवढं नाजूक मशीन आणायला नको होतं. साधं असतं तर आज वाजलं असतं."

त्या क्षणी तीन शब्द पुरले असते. मी उभं केलं. मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली... दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले, स्वतःला दोष देत.

गेल्या आठवड्यात घाटकोपरहून साळवी दुरुस्तीला आले. स्क्रू काढताच त्यांनी विचारलं, "काकू, ह्याला उभं कोणी केलेलं काय?"

"मी." पहिल्यांदाच बोलले.

त्यांनी चिमट्याने डिस्क बाहेर काढली. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत होते तेव्हा ती आत तिरकी घासत होती. वरचा चंदेरी थर खरवडून निघाला होता. उजेडात धरली तर आरपार दिसत होतं. "ही आता कुठेच वाजायची नाय, काकू."

मग त्यांनी झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं. आत एक कागद चिकटवलेला होता, आबांच्या बारीक अक्षरातला. तीन रकाने: बिघाड, कारण, उपाय. ट्रे अडकला, पट्टा सैल, उकळला. आवाज तुटतो, भिंगावर धूळ, पुसलं. वर्षानुवर्षांच्या ओळी, आणि खाली पट्टीने आखून ठेवलेल्या काही रिकाम्या.

साळवींच्या खिशातलं पेन मागून घेतलं. पहिल्या रकान्यात लिहिलं, डिस्क सुटली. दुसऱ्यात लिहिलं, मी मशीन उभं केलं. तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवून किती वेळ बसले होते, कोण जाणे. शेवटी साळवीच हळूच म्हणाले, "काकू, झाकण लावू?"