माळ रिकामा नाही

आमच्या कॉलनीमागचा माळ उजाड दिसतो म्हणून सोसायटीने तिथे झाडं लावायचं ठरवलं. मी रोज सकाळी त्याच माळावर फिरायला जायची. खड्डे घ्यायला जेसीबी आला, तेव्हा मी सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

सेक्रेटरी वैतागले. "मॅडम, झाडांना कुणी नको म्हणतं का?"

"झाडं लावा की, पण रस्त्याच्या कडेला. हा माळ रिकामा नाही."

"गवताशिवाय हाय काय हितं?" ड्रायव्हरने विचारलं.

मी दोघांना थोडं पुढे नेलं. खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची टिटवीची अंडी होती आणि टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती.

"हिला झाड नको, उघडी जमीन लागते. गवतावर नाकतोडे जगतात, नाकतोड्यांवर चंडोल. गवत गेलं की सगळेच जातील."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सेक्रेटरी बधले नाहीत. मग मी रोज सकाळी एकेका घरातल्या माणसांना माळावर नेऊ लागले. शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बहुतेकांनी माझ्या बाजूने हात वर केले आणि रोपं रस्त्याकडेला लागली. त्यांना पाणी मीच घालते.

यंदा कुणाला तरी माळावर पार्किंग हवंय. मी पुन्हा घरोघरी निघाले आहे.