पार्किंगमधला बिबट्या आणि ऋचाचा गेमिंग क्लास

आमच्या सोसायटीत बिबट्या मी आणला. तसं लेखी कुठे नाही, पण दिंडोरी रोडच्या आमच्या भागात कुणालाही विचारा, हेच सांगतील.

मुळात मी भित्रा माणूस. पाल दिसली की बायकोला हाक मारतो आणि ती पाल हाकलेपर्यंत सोफ्यावर उभा राहतो. असा माणूस सोसायटीचा अध्यक्ष कसा झाला? तर निवडीच्या मीटिंगला मी एकटाच गैरहजर होतो! अध्यक्ष झाल्यावर सीसीटीव्हीचं कनेक्शन आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरला जोडलं गेलं. पडद्यावर चार चौकटी: गेट, जिना, पाण्याची टाकी, पार्किंग. दिवसभर त्यात काहीही घडत नसे आणि मला तेच आवडायचं.

आमची ऋचा नववीत. तिनं सुट्टीत ऑनलाइन गेमिंगचा क्लास लावला. गेम खेळायचा कसा आणि स्वतःचा बनवायचा कसा, दोन्ही शिकवतात म्हणे. मी हबकलोच.

“अगं, पोरांनी गेम खेळू नयेत म्हणून आईबाप क्लास लावतात!”

“बाबा, तुम्हाला नाही कळणार.”

“शिकवतं कोण?”

“सर.”

हे सर मी एकदा पडद्यावर पाहिले. केस खांद्यापर्यंत, डोक्यावर हेडफोन, मागे जांभळा दिवा! मुलांना सांगत होते, “समोरच्याला घाबरवायचं असेल तर आधी त्याला त्याचीच रोजची जागा दाखवा.” मला घाम फुटला. पोरगी गेली हातची! सुनंदा, म्हणजे आमची ही, म्हणाली, “अहो, पोर काहीतरी शिकतेय ना? शिकू दे.” त्यानंतर ऋचा मोबाइल घेऊन पार्किंगचे, जिन्याचे फोटो काढत फिरायला लागली. कशाला, ते मी विचारलं नाही. (विचारायला हवं होतं!)

त्या शनिवारी संध्याकाळी सुनंदा स्कूटर घेऊन पंचवटीत भाजी आणायला गेली होती. ऋचा आपल्या खोलीत, कडी लावून, कानाला हेडफोन, लॅपटॉपवर क्लास चालू. मी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आलो आणि सवयीनं कॉम्प्युटरकडे पाहिलं. चार चौकटी. गेट. जिना. टाकी. पार्किंग.

आणि पार्किंगमधून, शिंदेकाकूंच्या गाडीमागून, आरामात एक बिबट्या चालला होता!

आता नाशिककराला बिबट्याचं नवल नाही. आज या कॉलनीत, उद्या त्या बंगल्यात. आमच्या मागे तर नाला, नाल्यापलीकडे द्राक्षबागा. “येणार, एक दिवस आपल्याकडेही येणार,” असं दर मीटिंगमध्ये मीच सांगायचो आणि सगळे हसायचे. आला की नाही! चांगला धष्टपुष्ट, ठिपक्याठिपक्यांचा. चालताना जरा अडखळत होता, आणि एकदा खांबातून आरपार गेल्यासारखा वाटला खरा. पण माझा चष्मा स्वयंपाकघरात होता आणि माझी पाचावर धारण बसली होती. अशा वेळी खांबाची चौकशी कोण करतो?

मी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, ‘पार्किंगमध्ये बिबट्या! कुणीही बाहेर पडू नये!’ हात इतके थरथरत होते की फोटो अगदी धूसर आला, त्यामुळे तो जास्तच खरा वाटला. मग ऋचाच्या दारावर धाडधाड थापा मारल्या.

“ऋचा! बाहेर येऊ नकोस!”

“नाही येत! क्लास चालूये!”

“कडी लाव!”

“लावलेलीच आहे हो, बाबा!”

(हा काय प्रकार आहे हे मला सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्याला मी असं स्वतःहून कोंडून ठेवलं!)

तोवर ग्रुपवर हाहाकार. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंनी लिहिलं, ‘मला सकाळपासून वास येतच होता.’ कुणाला गुरगुर ऐकू आली होती, कुणी आदल्या दिवशी शेपूट पाहिलं होतं. एकानं वन खात्याला फोन लावला. गॅलऱ्यांमधून लोक ताटं बडवायला लागले. मी वॉचमनला फोन केला.

“दगडू, कुठे आहेस?”

“मीटरच्या खोलीत, साहेब. आतून कडी लावलीय.”

“बिबट्या दिसतोय का?”

“नाय दिसत. डोळे गच्च मिटलेत ना!”

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सुनंदा! ती आता येईल, गेटमधून सरळ पार्किंगमध्ये शिरेल. मी तिला फोन लावला. तो स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी वाजला.

ही बाई मेथीची जुडी घेऊन, गुणगुणत, सरळ त्या जनावराच्या तोंडात जाणार! घरात ती नसेल तर कसं वाटेल, हे त्या एका क्षणात मला दिसलं आणि मी तिथंच उभ्या उभ्या रडलो. भित्रा असलो तरी बायकोला मरायला सोडणारा नव्हे. मी डोक्यात हेल्मेट घातलं, एका हातात पोळपाट घेतला, दुसऱ्या हातात लाटणं, आणि निघालो.

जिना उतरून मी पार्किंगमध्ये आलो. वरून ताटांचा दणदणाट आणि आरडाओरडा चालू होता.

“अध्यक्ष, परत फिरा!”

“अहो, वेड लागलं का?”

(खाली मात्र कुणी आलं नाही.) बेत साधा होता. भिंतीला धरून गेटपर्यंत जायचं आणि सुनंदाला बाहेरच अडवायचं. निम्म्या वाटेवर आलो आणि पाठीमागे काहीतरी सळसळलं. ते मोटरसायकलवरचं कव्हर होतं, असं पुढे कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं, की मी भिंतीलगतच्या बदामाच्या झाडावर आहे. कसा चढलो, देवाला ठाऊक!

तेवढ्यात स्कूटर आत आली.

“सुनंदा, थांब! मागे फिर!”

तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग वर पाहिलं. “अगं बाई! तुम्ही तिथं काय करताय? आणि माझा पोळपाट?”

“बिबट्या आलाय! पळ!”

“मग झाडावर कशाला चढलात? बिबट्या झाडावर चढतो हो!”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आणखी एक फांदी वर गेलो.

आणि ती पळाली नाही. माझ्या हातून पडलेलं लाटणं तिनं उचललं आणि झाडाला पाठ लावून उभी राहिली. “तुम्ही आधी खाली या, मग मी पळते.” वर मी थरथरतोय, खाली ती! मी तिला हात जोडले, शपथा घातल्या. ती हलेना.

शेवटी वन खात्याची गाडी आली. पिंजरा उतरला, जाळं उतरलं. साहेबांनी फोटो मागितला. इतक्यात क्लास संपवून ऋचा खाली आली, वन खात्याच्या माणसांमधून पुढे घुसली आणि तिनं साहेबांच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

“हा तर माझा बिबट्या!”

“तुझा?” साहेब दचकले.

“माझ्या गेममधला! आपल्याच सोसायटीचे फोटो घातलेत त्यात. चार कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवायचं आणि बिबट्या दिसला की बरोबर दार बंद करायचं. गेम मध्येच बंद पडतो का ते बघायला सरांनी चालू ठेवायला सांगितला होता, म्हणून हॉलमधल्या कॉम्प्युटरवर लावला.” मग तिनं वर माझ्याकडे पाहिलं. “बाबा, तुम्हाला खरंच खरा वाटला?”

पोरगी शरमेल, रडेल असं मला वाटलं. कसलं काय! तिनं तिथंच फोन लावला, “सर, घाबरतात! अख्खी सोसायटी घाबरली!”

एकेक करून ताटं थांबली. दगडू मीटरच्या खोलीतून बाहेर आला. सगळी सोसायटी झाडाखाली जमली आणि माना वर करून माझ्याकडे बघायला लागली. अध्यक्षाला शोभेल असं खाली उतरावं म्हणून मी पाय सोडला, पण पाय काही फांदी सोडेना. हातांनी तर खोडाला मिठीच मारली होती. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि माणसांना खूण केली. चौघांनी जाळं ताणून धरलं.

“मारा उडी!”

मी डोळे मिटले आणि पडलो. जाळं झुललं, आभाळ फिरलं, मी गुंडाळलो गेलो. डोळे उघडले तेव्हा सुनंदा वाकून माझं हेल्मेट काढत होती. ओढणीनं तिनं माझा घाम पुसला.

“मला वाचवायला आला होतात ना?” तिनं हळूच विचारलं. मी जाळ्यातूनच मान हलवली. तिचे डोळे भरून आले, माझेही आले.

नेमकी तेव्हाच पाचव्या मजल्यावरची खिडकी बोटभर किलकिली झाली आणि आतून घाबरा आवाज आला, “पकडला का हो?”

“पकडला!” दगडू खालून ओरडला. “पण आपलाच निघाला. वहिनी घरी घेऊन चालल्यात!”