स्टारबोर्डवरून पोर्टला

काल कल्याणला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. माझा घटस्फोट झाला तरी तिने मला आग्रहाने बोलावलेलं. होमात तूप पडलं, तो धुराचा वास आला आणि मी थेट माझ्याच लग्नात जाऊन बसले.

सप्तपदी नुकतीच झालेली. गुरुजी म्हणाले, "आता नवरीने डावीकडे बसायचं." मी जागा बदलली, तसा जहाजावर नोकरी करणारा माझा नवरा कानाशी हसला.

"स्टारबोर्डवरून पोर्टला आलीस."

"म्हणजे काय रे?"

"जहाजाची उजवी बाजू स्टारबोर्ड, डावी पोर्ट. आपण तोंड कुठेही फिरवलं तरी त्या बदलत नाहीत."

मला बावळटीला ते वचन वाटलं. तो बोटीवर असायचा तेव्हा वर्तकनगरच्या घरात मी पलंगाच्या डाव्या बाजूलाच झोपायचे, उजवी रिकामी ठेवून.

काल फोटोसाठी तो स्टेजवर चढला. फोटोग्राफर ओरडला, "काकी, काकांच्या डावीकडे या!" सवयीने मी खुर्चीतून अर्धी उठले. तोवर त्याची नवी बायको तिथे जाऊन उभीही राहिली होती.

त्याला खोटारडा तरी कसं म्हणू? बाजू त्याने खरंच बदलली नाही.