गाठ जडावबेनशी आहे
जामनगरात खंभाळिया दरवाजाच्या आतल्या शेरीत, म्हणजे गल्लीत, जडावबेनच्या करंगळीचं नख प्रसिद्ध होतं. त्या नखाच्या टोकावर कापड उचलायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, की बांधणीची एक गाठ तयार. नख लांब की जीभ लांब, हे ठरवायला मात्र पंच बसवावे लागले असते. नखाने ती गाठी बांधी आणि जिभेने लोकांच्या सोडवी. कुणाच्या मुलीचं लग्न का मोडलं, कुणाच्या सुनेने सासूला कुलूप लावून सिनेमा पाहिला, सगळं तिच्या ओट्यावर उलगडून पडलेलं असायचं.

तिचं एक वाक्य शेरीत म्हणीसारखं झालं होतं. बांधलेलं कापड रंगाऱ्याकडून येतं, ते ताणून गाठी सोडतात, आणि एखाद्या गाठीत रंग शिरलेला असला तर पांढऱ्या ठिपक्याऐवजी लाल डाग निघतो. मग बांधणारी म्हणते, "माझी गाठ घट्ट होती, सोडणारीने हिसका दिला." त्यावर जडावबेन म्हणायची, "डाग सोडल्याने पडत नाही, सोडल्यावर दिसतो." सून रसीला तर हे वाक्य डाळीतल्या मिठासारखं रोज खात आली होती.

अशा या बाईच्या छातीत बोराएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून होळीपासून तिने ती पदराखाली ठेवली. शेरीतलं प्रत्येक गुपित चव्हाट्यावर आणणाऱ्या बाईला स्वतःचं एक तरी लपवायचा हक्क होताच. पण हात सारखा तिकडे जायचा, आणि रसीलाचं लक्ष होतं. तिने न विचारता रिक्षा बोलावली आणि सासूला मोठ्या इस्पितळात नेलं.

ओडेदरा नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मासी, सुईने छोटासा तुकडा काढून तपासावा लागेल." जडावबेनने पदर सारखा केला, चपला पायात सरकवल्या आणि चालू पडली. रिक्षात बसल्यावर मग तोंड उघडलं.

"सुई खुपसणार म्हणे. एवढी शिकली, पण गाठीतलं काही कळत नाही. बांधलेल्या गाठीला टोचलं की रंग आत शिरतो. आणि बांधणीचा दोरा एकच असतो, या गाठीतून त्या गाठीत. एक ओढली की सगळ्या सुटतात. तसं हे अंगभर पसरेल."

"बा, अंग म्हणजे काय ओढणी आहे?"

"तू गप्प बस. कडवीच्या मामाचं काय झालं, विचार तिला."

कडवीबेन ही समोरच्या ओट्यावरची, जडावबेनची लहानपणापासूनची मैत्रीण. नाव कडवी, पण कानात मध ओतल्यासारखं बोले, आणि त्या मधाला मुंग्या लागत. तिच्या देवशीमामाला गळ्यात गाठ होती. "मामा धडधाकट होते गं जडी. डॉक्टरने सुईचं लोखंड लावलं आणि दिवाळीला गेले. निजलेल्या सापाला काठी लावायची कशाला?"

हा सल्ला देऊन कडवीबेनने दुपारपर्यंत सापाची बातमी सगळ्या शेरीला पुरवली. रमणिक फरसाणवाल्याने निदान केलं की गाठिया खाऊन गाठ होते, आणि स्वतःचा खप पडेल हे लक्षात येताच शब्द मागे घेतला. बायका जडावबेनच्या चटईवरून थोड्या सरकून बसू लागल्या. पण जडावबेनला खरा घाव बसला तो चहाला. इतकी वर्षं दोघींचा एकच चहा असायचा. कडवीला कप, जडावला बशी, दुसऱ्या दिवशी उलट. त्या दिवशी कडवीबेन पदराखालून स्टीलचा पेला घेऊन आली.

"बशीतल्या चहाने मला आंबट ढेकर येतात अलीकडे."

"पेल्यातला चहा काय द्वारकेहून येतो?" जडावबेन म्हणाली. पण बशी तिने हातातच धरून ठेवली, चहा निवला तरी. त्या रात्री ती जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात कडवीबेनच्या नातीचं घरचोळं, म्हणजे लग्नातली लाल ओढणी, रंगून आलं. ते कडवी, जडाव आणि रसीला, तिघींनी मिळून बांधलं होतं. आता त्याच्यावरही कुजबुज होती. जडावच्या हाताचं आहे, नव्या नवरीच्या अंगाला लागेल, काही झालं तर? कडवीबेन म्हणाली, "छे गं, मी असलं मानत नाही," आणि कापड चार वेळा धुऊन आणलं.

ओट्यासमोर एक टोक रसीलाने धरलं, दुसरं कडवीने. ताणलं. तडतड गाठी सुटल्या, दोरे भुईवर गळाले आणि लाल कापडावर पांढरे ठिपके चांदण्यांसारखे उघडले. फक्त एका कोपऱ्यात लाल डागांची रांग. तो कोपरा कडवीबेनने बांधलेला.

"बघ," कडवीबेन म्हणाली, "सुनेने तुझ्या हिसका दिला. आतापर्यंत कसं छान होतं."

जडावबेन आजारी असली तरी जीभ शाबूत होती. "तुझी गाठ मुळातच ढिली, कडवी. कापड पिंपात असतानाच रंग शिरला. डाग सोडल्याने पडत नाही, सोडल्यावर..."

पुढचा शब्द आलाच नाही. तो रसीलाने पुरा केला, ओढणीची घडी घालता घालता, अगदी खालच्या आवाजात. "सोडल्यावर दिसतो. हो ना, बा?"

इतक्या वर्षांत सुनेने चारचौघींत पहिल्यांदाच उत्तर दिलं होतं, आणि तेही सासूच्याच शब्दांत. जडावबेनचा हात पदराखालच्या गाठीकडे गेला. मग मान वळवून विचारलं, "कडवी, तुझ्या मामाने गाठ किती दिवस अंगावर काढली होती?"

"म्हणजे... दोन वर्षं लेप लावत होते. आवाज बसला, पाणीसुद्धा गिळवेना, तेव्हा नेलं."

"आणि दोष सुईला."

कडवीबेनला नेमकं तेव्हाच घरातलं दूध उतू गेल्याचं आठवलं.

दुसऱ्या दिवशी जडावबेन डॉक्टरीणबाईंसमोर बसली. "सुई लावून पसरेल का? खरं सांगा. खोटं बोललात तर गाठ जडावबेनशी आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या. "सुईने कॅन्सर पसरतो ही भीती उगाच आहे, मासी. अगदी क्वचित सुईच्या वाटेवर दोनचार पेशी राहू शकतात. त्याचाही विचार करूनच आम्ही सुईची जागा ठरवतो. धोका न तपासण्यात आहे. कसली गाठ आहे ते कळल्याशिवाय औषध कशाचं देऊ?"

"आणि माझ्या बशीतून? हाताच्या कामातून?"

"चहातून, कपड्यातून, मिठी मारून कुणालाही होत नाही."

"हे जरा मोठ्याने सांगा. बाहेर एक बाई पडद्याला कान लावून उभी आहे."

पडदा हलला. कडवीबेनच होती. धीर द्यायला आले, म्हणाली.

सुई लागली. जडावबेनच्या मते ती तिच्या नखापेक्षा आखूडच होती. पण तपासाचा निकाल गोड नव्हता. कॅन्सर निघाला. लहान होता, वेळेत सापडला, ऑपरेशन आणि पुढची औषधं घेतली तर बरं व्हायची आशा चांगली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते जडावबेनने रसीलाचा हात धरून ऐकलं. भांडली ती ऑपरेशनच्या दिवशी, जेव्हा नर्सने नख कापायला सांगितलं. सुईला कबूल झालेली बाई नेलकटरला होईना. शेवटी रसीलानेच कापलं, आणि सासूने ते तुकडे रुमालाच्या कोपऱ्यात बांधून घेतले. गाठ मारून.

घरी आली, पुढची औषधं सुरू झाली, तशी ती ओट्यावर उशीला टेकून बसू लागली. करंगळी बोडकी, औषधांनी डोक्यावरचे केसही गळत चाललेले. रसीलाचं नख आता वाढत होतं, आणि सासू दिवसभर बसल्या जागेवरून ते कसं धरावं हे शिकवत होती.

एके दिवशी कडवीबेन आली. पेला आणला नव्हता. तिने एकच कप मागितला, अर्धा चहा बशीत ओतून जडावपुढे केला. जडावबेन दोन घोट प्यायली आणि बशी खाली ठेवली, नको म्हणून. कडवीबेनने तीच उचलली आणि उरलेला चहा फुर्र करून संपवला.

"कडवे, ढेकरांचं काय?"

"कसले ढेकर?"

"रसीला," जडावबेन म्हणाली, "कडवीमासीला अजून एक बशी दे. आज ढेकर येईपर्यंत पाजायचंय हिला."