परत आलेला निळा

मी चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत तो आपला मोबाइल माझ्या हातात द्यायचा आणि समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. "भाऊ, वाचा. तुमले समजनं तं जगले समजनं."

मी सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये डिस्पॅचला आहे. रंगवलेले तागे मोजून ट्रकमध्ये चढवणं हे माझं काम. जगाच्या वतीने समजून घ्यायला त्याने मलाच का निवडलं, हे मला अजून समजलेलं नाही. तो लॅबमध्ये होता. माझ्यासारखाच खानदेशातला, पण बी.एस्सी. झालेला. त्याला डेटा सायंटिस्ट व्हायचं होतं. त्या धंद्यात अर्ज कोणी वाचत नाही, ब्लॉग वाचतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून दर रविवारी एक लेख. तोही इंग्रजीत. नियम एकच: "डेटामा शे तेच लिखानं."

असे लेख तुम्हीही पाहिले असतील. निम्म्या लेखांत एक बुडालेलं जहाज असतं आणि कोणता प्रवासी वाचला असता, याचं गणित असतं. त्यानेही त्या जहाजावर तीन लेख लिहिले. तिन्ही वेळा जहाज बुडालंच. वाचकांचा आकडा अकरा झाला तेव्हा त्याने पेढे आणले. त्यातले चार मीच होतो, हे मी पेढे खाऊन झाल्यावर सांगितलं.

एकदा बंगळूरच्या एका कंपनीतून उत्तर आलं. जहाज पुरे झालं, स्वतःच्या कामातला डेटा घेऊन महिनाअखेरपर्यंत एक लेख पाठवा, आवडला तर मुलाखतीला बोलावू. तो दोन दिवस जमिनीवर नव्हता.

आमच्या लॅबमध्ये शेडचं, म्हणजे रंगछटांचं, रजिस्टर आहे. प्रत्येक लॉटचा बोटभर तुकडा त्यात चिकटवलेला, आणि शेजारी व्यापाऱ्याने माल ठेवला की परत पाठवला याची नोंद. माल जाण्याआधी शेड बघायचे आमचे मास्तर. जुने सुरती, आमच्याशी हिंदीत बोलायचे. तुकडा उत्तरेच्या खिडकीशी धरायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे. शेड बघायला त्यालाही त्यांनीच शिकवलं होतं, कान पिळून.

जेवणाच्या सुट्टीत मी रजिस्टर वाचायचो आणि तो लॅपटॉपवर टिपायचा. दोन वर्षांचं रजिस्टर संपलं, व्यापाऱ्यांनी किती माल ठेवला याचा त्याने आलेख काढला, आणि पहिल्यांदाच मोबाइल माझ्या हातात दिला नाही. मी ओढून घेतला. गुलाबीची रेषा सरळ, पिवळ्याची सरळ. निळ्याची मात्र गेलं वर्षभर खाली खाली. निळा माल परत येत होता, आणि ब्लू कोण बिघडवतंय, असं शेठ रोज विचारत होते.

त्याने निळ्याचे दोन तुकडे मास्तरांच्या हातात दिले. एक उघड उघड हिरवट होता, मलासुद्धा दिसत होता. मास्तरांनी दोन्ही खिडकीशी धरले. "दोनो एक है," म्हणाले.

लेख त्याने लिहिला आणि लपवून ठेवला. "नाव नही टाकं तरी मिलमा बठ्ठासले समजी जाई, भाऊ. शेठ उद्याच त्यासले घर धाडतीन."

बंगळूरला त्याने जहाज पाठवलं. चौथ्यांदा. आभाराच्या दोन ओळी आल्या. मी त्याला तोंडावर मूर्ख म्हणालो. मला खरोखर राग आला होता.

त्या रविवारी लेख आला नाही. आपल्याला चष्मा लागलाय वाटतं, एकट्याला डॉक्टरची भीती वाटते, असं सांगून तो मास्तरांना डोळ्यांच्या शिबिराला घेऊन गेला. याचे डोळे ठणठणीत निघाले. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. ऑपरेशनं झाली. कामावर परत आले त्या दिवशी मास्तर खिडकीत उभे राहून बराच वेळ बाहेर बघत होते. "इतना नीला कब से है?" त्यांनी विचारलं.

निळा माल परत यायचा थांबला. आलेखात रेषा पुन्हा वर चढली. आता तरी लेख टाक, मी म्हणालो.

"जवलोंग मास्तर मिलमा शेत, तवलोंग नही."

तो दीड वर्ष थांबला. मास्तर रिटायर झाले, शाल-श्रीफळ झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेख आला. दोन महिन्यांत पुण्याहून बोलावणं आलं आणि तो गेला. आता मला चहा गरम प्यायला मिळतो. गोड लागत नाही.

दिवाळीत मास्तर मिठाईचा डबा घेऊन मिलमध्ये आले. "वो लडका क्या लिखता था रे?" मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. इंग्रजी त्यांना येत नाही. त्यांनी निळ्या रेषेवर बोट ठेवलं.

"ये गिरनेवाला मेरा है?"

मला खोटं बोलता आलं नाही.

"और ये चढनेवाला?"

"ऑपरेशन के बाद का."

मास्तर मोबाइल घेऊन उत्तरेच्या खिडकीशी गेले, वर धरला, डोळे बारीक केले.

"ब्लू थोडा हरा मारता है," म्हणाले. "उसको बोल."

मी पुण्याला फोन करून जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर लेखातला निळा बदललेला होता.